चिवचिवणारं गॅरेज

कुबातने गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला कान लावला, डोळे मिटले आणि हात वर करून दोघी मुलींना गप्प राहायची खूण केली.

"आत काहीतरी चिवचिवतंय," तो म्हणाला.

"उंदीर असतील," मीरिम म्हणाली.

"एवढे? मग त्यांची ग्रामसभा भरली असणार."

बुरुल हसली नाही. ती दाराच्या कुलपाकडे बघत होती. नवंकोरं, पिवळंधमक, मुठीएवढं कुलूप. आधीचं कुलूप इतकं गंजलेलं होतं, की चोलपोन एजे ते कधीकधी खिळ्यानेच उघडायची. आज रविवार होता, मिनीबस केव्हाच येऊन पुलापाशी लागली होती, आणि एजेचा पत्ता नव्हता. मागच्या रविवारीही नव्हता आणि त्याच्या मागच्याही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. आक-तेरेकमधली निम्मी मुलं मेंढ्यांबरोबर डोंगरावरच्या कुरणांत राहायला गेली होती. जी गावातच उरली, त्यांना रविवारची वाट बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. रविवारी खालच्या तालुक्याच्या गावाहून चोलपोन एजे यायची आणि सांस्कृतिक भवनामागच्या या गॅरेजमध्ये सायकल-मंडळ भरायचं.

एजे म्हणजे ताई. ती कोणाची सख्खी ताई नव्हती. तालुक्याच्या टपाल कचेरीत ती खिडकीपाशी बसायची आणि सुट्टीचा एकुलता एक दिवस या मुलांना द्यायची. त्याबद्दल तिला कोणी काही देत नव्हतं. गेल्या शरदात तिने मुलांना घेऊन घरोघरचे गोठे आणि माळे पालथे घातले होते आणि मोडक्या सायकलींचा ढीग गोळा केला होता. तिला स्वतःला सायकलीतलं फारसं काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने चेन उलटी चढवली, मग तिने आणि कुबातने मिळून ती उतरवली आणि दोघं कोपरापर्यंत काळे झाले. पण हळूहळू पंक्चर निघायला लागली, ब्रेक लागायला लागले, आणि हिवाळा संपेपर्यंत ढिगातल्या चार सायकली चालत्या झाल्या.

खरी गंमत सायकलींत नव्हती. एजे लक्षात ठेवायची. कुबातच्या आजोबांचा पाय, मीरिमचं इतिहासाच्या बाईंशी झालेलं भांडण, सगळं तिच्या डोक्यात असायचं. बुरुल मुळात कमी बोलणारी. ती एकदा कधीतरी पुटपुटली होती, की आमची गाय आईशिवाय कोणाला दूध काढू देत नाही. पुढच्या रविवारी मिनीबसमधून उतरता उतरता एजेने पहिला प्रश्न विचारला तो गायीचा. बुरुलला फार नवल वाटलं.

"काय चाललंय इथे?"

तिघं दचकून वळली. मुराताली अगाय, म्हणजे मुराताली सर, सांस्कृतिक भवनाचे प्रमुख, कोपऱ्यावर उभे होते. भर उन्हाळ्यातही गळ्यात टाय. गावातल्या प्रत्येक लग्नात अकॉर्डियन तेच वाजवायचे, आणि वाजवायचेही सुरेख, म्हणून त्यांना कोणी फारसं काही बोलत नसे.

मीरिमने विचारलं, एजे का येत नाही. अगायने खांदे उडवले. ती रशियाला गेली म्हणाले. तिथे कुठल्याशा बेकरीत काम मिळालं. घाईघाईत निघाली, मुलांना सांगा एवढा निरोप ठेवला. आता मंडळ बंद.

"आणि आत काय आहे?" कुबातने विचारलं.

"सरकारी सामान. कान लावून ऐकायचं नसतं ते."

एवढं बोलून त्यांनी तिघांना अंगणाबाहेर घालवलं.

आक-तेरेकमध्ये "रशियाला गेला" एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेलं आहे. बुरुलचे वडील ती पहिलीत असताना गेले. तेव्हा गावात फोन एकच होता, मुराताली अगायच्या टेबलावर. सुरुवातीला दर शनिवारी आई आणि बुरुल केस विंचरून, चांगले कपडे घालून त्या टेबलासमोर जाऊन बसायच्या, आणि फोन यायचा. मग तो सणावारी यायला लागला. गेल्या हिवाळ्यात आलाच नाही. आई त्याबद्दल बोलत नव्हती, म्हणून बुरुलही बोलत नव्हती.

त्यामुळे एजे गेल्याचं ऐकून तिने फक्त मान हलवली आणि घरी जाऊन गोठा झाडायला घेतला. रडली वगैरे नाही. पण दुसऱ्या दिवशी कुबात शिट्टी वाजवून बोलवायला आला तेव्हा ती बाहेर गेली नाही, आणि तिसऱ्या दिवशीही गेली नाही.

शेवटी कुबात आणि मीरिम दोघं गोठ्यातच येऊन उभे राहिले. कुबातच्या हातांवर लाल फोड उठले होते.

त्याने सांगितलं ते असं. सरकारी सामान चिवचिवतं कसं, हे त्याला काही केल्या सुचेना. म्हणून तो मीरिमच्या खांद्यावर चढून गॅरेजच्या झरोक्यातून डोकावला. मीरिमचा खांदा अजून दुखत होता आणि ते तिने मध्येच दोनदा सांगितलं. आत पिवळे दिवे लावले होते आणि त्यांच्याखाली जमीन दिसत नव्हती, इतकी कोंबडीची पिल्लं होती. नुसता पिवळा गालिचा, आणि तो गालिचा हलत होता. सायकली कुठेच नव्हत्या. त्या मिळाल्या गॅरेजच्या मागे, खाजऱ्या झुडपांत फेकलेल्या. हातांवरचे फोड त्या झुडपांचे.

"अंडी कोण विकतं?" मीरिमने विचारलं. "अगायचा मेव्हणा. त्याच्या घरी दिवे रोज जातात. भवनातले जात नाहीत. मग पिल्लं कुठे ठेवायची? गॅरेजमध्ये. मग मंडळाचं काय करायचं? बंद."

बुरुल खराट्यावर हात ठेवून ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली. "मंडळ का बंद झालं ते कळलं. एजे का गेली ते नाही कळलं."

"अगं, पण जो माणूस पिल्लांना सरकारी सामान म्हणतो, तो टपाल कचेरीला रशियासुद्धा म्हणेल," कुबात म्हणाला.

"ज्यांना जायचं असतं ते जातात, कुबात."

कुबात हातांवरचे फोड खाजवत बसला.

मीरिमला मात्र कुठलीही गोष्ट अर्धी सोडवत नाही. तिचं म्हणणं, एजे कोणासोबत आली-गेली हे मिनीबसवाल्या सागिन आकेंना माहीत असणारच. आके म्हणजे वडीलधारे, मान द्यावा असे गृहस्थ. त्यांची मिनीबस फक्त रविवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी खालून यायची आणि संध्याकाळी परत जायची. तेव्हा पुढचा रविवार येईपर्यंत थांबणं आलं. त्या रविवारी मीरिमने बुरुलला अक्षरशः हाताला धरून पुलापाशी नेलं.

सागिन आके गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांनी प्रश्न ऐकला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रशिया? काहीतरीच काय. परवाच तिने माझं पार्सल घेतलं खिडकीवर. मग ते जरा थांबले, आणि त्यांनी मनात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली.

शेवटच्या रविवारी एजे नेहमीसारखी आली होती. अवजारांची पिशवी घेऊन भवनाकडे गेली आणि लगेच परत आली. गाडी संध्याकाळशिवाय निघत नाही, हे तिला माहीत होतं. ती दिवसभर मागच्या सीटवर बसून राहिली.

"मी चहा दिला, घेतला नाही," आके म्हणाले. "विचारलं, तर म्हणाली काही नाही. खिडकीतून मैदानाकडे बघत होती नुसती."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो रविवार तिघांनाही आठवत होता. त्या दिवशी सकाळीच मुराताली अगायने सगळ्या मुलांना फुटबॉलच्या मैदानावर दगड वेचायला पाठवलं होतं. आज एजे येणार नाही, तोवर गावाचं काम करा, असं सांगून. मैदान पुलाला लागूनच होतं.

"म्हणजे आपण तिथे होतो," बुरुल म्हणाली, "आणि ती इथे."

तिने गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. खरोखरच तिथून सगळं मैदान दिसत होतं.

त्या संध्याकाळी गाडी एजेसाठी काही निरोप न घेताच परत गेली. सागिन आकेंनी विचारलं होतं, काही सांगू का. बुरुलने नको म्हटलं. निरोपांनीच तर घोळ झाला, तिला वाटलं. कोणी तिला काहीतरी सांगितलं, कोणी आपल्याला काहीतरी सांगितलं. आता मध्ये कोणी नको.

घरी गेल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सायकलवरून तालुक्याला जायचं, टपाल कचेरीत एजेला भेटायचं, रात्री मावशीकडे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी टपालाच्या जीपमधून परत यायचं. रस्ता सगळा उताराचा आहे, हेही सांगितलं. आई नाही म्हणणार, अशी तिची खात्री होती.

आई बराच वेळ पीठ मळत राहिली.

"ती म्हणाली, की मला यायचंच नव्हतं, तर?"

"तर तिच्या तोंडून ऐकेन."

आईने पिठाचे हात पुसले. "जा मग," ती म्हणाली. "मी कधी कोणाला जाऊन विचारलं नाही. तू विचार."

झुडपांतून सायकली काढण्यात एक दिवस गेला. कुबातने आजोबांचे कातडी हातमोजे घातले होते, तरी त्याला आणखी फोड आलेच. दोन टायर बसले होते, एकीचं हँडल वाकलं होतं. अवजारांची पिशवी एजेकडे, म्हणून कुबातने मेंढ्यांच्या कुंपणाच्या तारेला पीळ देऊन चेन सांधली आणि जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पंक्चर काढली. मीरिमने प्रत्येक चाक पाण्यात बुडवून बुडबुडे तपासले आणि दोनदा त्याला परत कामाला लावलं.

पहाट झाली तशी तिघं निघाली. आईने कॅरिअरला नान आणि कुरुतची पुरचुंडी बांधून दिली होती. कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. एक गालात धरली की तास-दोन तास तहान लागत नाही.

रस्ता खरंच उताराचा होता. पण या खोऱ्यात सूर्य वर आला की वारा खालून वर यायला लागतो, आणि तो समोरून लागला की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. डाव्या हाताला नदी दुधाळ पाण्याने धडधडत होती. उजवीकडे मातीचे उंच कडे. एका वळणावर मेंढ्यांचा कळप समोरून आला आणि तिघांना वाहत्या पाण्यातल्या दगडांसारखं मध्ये उभं राहावं लागलं. मेंढ्या दोन्ही अंगांनी घासत गेल्या. कुबात प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होता.

पुढे रस्त्यावर खडी लागली, आणि मीरिम पडली.

गुडघा सोलवटला होता, त्याहून वाईट म्हणजे तारेने सांधलेली चेन तुटली होती. कुबात सायकल उलटी करून कामाला लागला. मीरिम रस्त्याच्या कडेला बसली. बुरुल नदीच्या पाण्यात रुमाल भिजवून घेऊन आली आणि तिचा गुडघा पुसायला लागली.

"परत फिरू या का?" मीरिमने हळूच विचारलं. "आपण अजून अर्ध्यावरही नाही पोचलो."

बुरुलने रुमाल पिळला. तिलाही परत फिरावंसं वाटत होतं, आणि ते गुडघ्यामुळे नव्हे. एजे रशियाला गेलेली नाही, हे तर आता कळलंच होतं. म्हणजे ती इथेच होती, जवळच होती, आणि तरीही आली नव्हती. लांब गेलेला माणूस येत नाही, यात समजण्यासारखं काहीतरी असतं. जवळचा माणूस येत नाही, तेव्हा काय समजायचं?

"तुला चढ चढून परत जायचंय का?" शेवटी तिने विचारलं.

मीरिमने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली आणि डोळे पुसून उठली.

"चेन तयार," कुबात म्हणाला. "मात्र आता तिला शिंकसुद्धा सहन होणार नाही."

टपाल कचेरीत रांग होती. तिघं धुळीने इतकी माखली होती, की रांगेतली माणसं त्यांना बघून सरकून उभी राहिली. खिडकीपलीकडे चोलपोन एजे पार्सलांवर शिक्के मारत होती. तिने मान वर केली. शिक्का धरलेला तिचा हात हवेतच थांबला.

ती हसली नाही. "काही काम होतं का इथे?" तिने विचारलं. अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, जपून.

कुबात आणि मीरिम एक पाऊल मागे सरले. मग बुरुल खिडकीशी गेली.

"तुम्ही रशियाला गेलात, असं सांगितलं आम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलं, खरंच गेलात."

एजेच्या चेहऱ्यावर आधी काही समजल्याचं दिसेना. मग सगळं एकदम दिसलं. तिने खिडकी बंद केली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने कुरकुर सुरू केली, पण मुलांकडे नजर जाताच ती आपोआप थांबली आणि म्हणाली, जा बाई, माझं पत्र कुठे पळून जात नाही.

कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवर चौघं बसली. एजेने आधी मीरिमचा गुडघा धुतला, मग सांगितलं. त्या रविवारी अगायने तिला भवनाच्या दारातच गाठलं. मुलांच्या घरच्यांना हे मंडळ आवडत नाही, म्हणाले. शहरातली मुलगी येऊन मुलांच्या डोक्यात काहीबाही भरते, असं गावात बोलतात. मुलंही कंटाळली आहेत, पण तुला तोंडावर कशी सांगणार? तूच विचारून त्यांची पंचाईत करू नकोस.

"मग मी गाडीत येऊन बसले," एजे म्हणाली. "तुम्ही मैदानावर दिसलात. सगळे हसत होतात. वाटलं, अगाय खरं बोलले."

कुबातची मान खाली गेली. "मी नक्कल करत होतो," तो म्हणाला. "अगायची. दगड वेचताना."

"तुमची काय चूक," एजे म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून भीती होती, की ही मुलं आपल्याला हसत असतील. सायकलीतलं मला काही येत नाही, हे तुम्हाला माहीत होतंच. म्हणून अगायने सांगितलं ते मला लगेच पटलं. पूल ओलांडून मैदानावर यायचं आणि तुम्हाला विचारायचं, एवढंच करायचं होतं. ते मी केलं नाही."

"आम्हाला पण लगेच पटलं," बुरुल म्हणाली.

एजेने तिच्याकडे पाहिलं. बुरुलच्या वडिलांबद्दल तिला माहीत होतं. त्या बाबतीत तिने कधी काही विचारलं नव्हतं, आताही नाही विचारलं. फक्त सरकून बुरुलच्या अगदी शेजारी बसली.

त्या संध्याकाळी मावशीच्या घरी चौघांची खलबतं झाली. मीरिमचं म्हणणं सरळ होतं, गावप्रमुख एसेनगुल आकेंना जाऊन सगळं सांगायचं. कुबातला ते पटेना. तीन मुलांचा शब्द आणि अगायचा शब्द, कोणाचा चालणार? त्यांच्या कानावर जाताच पिल्लं दुसरीकडे हलतील आणि गॅरेजमध्ये खरोखर सरकारी सामान येऊन पडेल. अगायचं खोटं चारचौघांत उघडं पाडायचं, त्यांना तोंड लपवायला जागा ठेवायची नाही.

एजेने तेवढ्यावर हरकत घेतली. त्यांच्या अंगणात त्यांना कोणी खोटारडं म्हणायचं नाही, ती म्हणाली. गावात त्यांनाही राहायचंय, तुम्हालाही. दार उघडलं की झालं.

"मग आपण काहीच म्हणायचं नाही?" कुबातने विचारलं.

"काहीच नाही."

कुबात बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "चालेल," तो म्हणाला. "आपण काहीच म्हणायचं नाही. एकही शब्द नाही."

सायकली जीपवर टाकून गावी परतल्यावर तिघं एसेनगुल आकेंकडे गेली. सायकल-मंडळाने वर्षभर काय केलं ते आम्हाला घरच्यांना दाखवायचंय, येत्या रविवारी भवनाच्या मागच्या अंगणात. आकेंना आनंद झाला. मंडळ छान चाललंय, असं त्यांना मुराताली अगाय सांगतच होते. आकेंनीच अगायना कळवलं, तेव्हा अगायना नाही म्हणता येईना. कार्यक्रम अंगणात आहे, गॅरेजमध्ये नाही, असा विचार करून त्यांनी स्वतःच बाकं मांडून दिली.

रविवारी अंगण भरलं. आया आल्या, आजोबा पांढरे काल्पाक, म्हणजे लोकरीच्या उंच टोप्या, घालून पुढच्या बाकावर बसले. मुलांनी चाक काढून दाखवलं, पंक्चर काढून दाखवलं. कुबातच्या आजोबांनी पायाचं दुखणं विसरून अंगणाला एक चक्कर मारली, तेव्हा टाळ्या पडल्या. एजे अजून आत आली नव्हती. ती फाटकाबाहेर सागिन आकेंसोबत उभी होती. अगायचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

मग कुबात पुढे आला आणि त्याने वाकून सांगितलं, की आता शेवटचा कार्यक्रम, घंट्यांची स्पर्धा. प्रत्येक सायकलीची घंटी एकदाच वाजेल. कोणाचा आवाज सर्वांत लांबवर घुमतो, ते एसेनगुल आकेंनी ठरवायचं. म्हणून सर्वांना विनंती, आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी बोलू नये, हलू नये, खोकूही नये.

सगळे गप्प झाले. पानं हललेली ऐकू यावीत, अशी शांतता पसरली. बुरुलने अंगठ्याने घंटी दाबली. टिंग. आवाज घुमला, बारीक होत गेला, विरला.

आणि त्या शांततेत गॅरेज चिवचिवायला लागलं.

आधी एक, मग दहा, मग घंटीच्या आवाजाने जागी झालेली सगळीच. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी कानामागे हात धरला. एसेनगुल आके उठले, गॅरेजपाशी गेले, दाराला कान लावून जरा ऐकलं. मग वळून अत्यंत गंभीरपणे त्यांनी विचारलं,

"मुराताली, सायकलींना पिल्लं झाली की काय?"

अंगण हसून फुटलं. हसली नाहीत ती फक्त तीन मुलं आणि अगाय. अगायचे कान टायच्या रंगासारखे लाल झाले होते. खिशातून किल्ली काढताना ती दोनदा हातातून पडली. बुरुलने ती उचलून दिली.

दार उघडलं. लहान मुलं आत धावली. हसता हसता मोठ्यांना पुढचे प्रश्न सुचायला लागले, आणि मीरिमला एकेकाचं उत्तर द्यावंच लागलं, कारण विचारल्यावर खरं सांगायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. फाटकातून एजे आत आली. ती रशियात आहे असं ऐकलेल्या बायकांनी आधी तिला नीट निरखून घेतलं, मग मिठ्या मारल्या.

एसेनगुल आके आता हसत नव्हते. जागेचं समजू शकतो, ते म्हणाले, पिल्लांना ऊब लागते. पण दोन्हीकडे दोन गोष्टी का सांगितल्यास?

अगायने टाय सैल केला. "मला वाटलं, मुलांचं काय," ते म्हणाले. "चार दिवस विचारतील, मग विसरतील."

"विसरत नाहीत," बुरुलची आई मागून म्हणाली. ती कधी चारचौघांत बोलत नसे, म्हणून सगळे वळून बघायला लागले. "सांगत नाहीत, एवढंच."

अगायने तिच्याकडे पाहिलं, मग बुरुलकडे. नंतर ते चोलपोन एजेसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तिची माफी मागितली. गुळमुळीत नाही, स्पष्ट शब्दांत. ते सोपं नव्हतं, हे कुबातलाही कळलं. त्यानंतर त्याने अगायची नक्कल करणं सोडून दिलं. निदान महिनाभर तरी.

पिल्लं मेव्हण्याच्या गोठ्यात, शेगडीच्या उबेत हलवायला सगळं गाव लागलं. खोक्यांतून, टोपल्यांतून, एका आजोबांच्या काल्पाकमधूनसुद्धा. एसेनगुल आकेंनी जाताना तिघांना थांबवलं. वाऱ्याच्या तोंडी एवढा रस्ता कापून गेलात, ते म्हणाले, आणि भांडण न करता आलात. मोठ्यांच्या सभेत असं कधी होत नाही. त्यांनी ते पिवळं कुलूप एजेच्या हातात दिलं. एक किल्ली तिच्याकडे आणि तिला यायला उशीर झाला तर म्हणून दुसरी गावात, बुरुलकडे.

पुढच्या रविवारी मिनीबस आली नाही. वरच्या वळणावर माती घसरली आहे, असं कोणीतरी सांगत होतं. गॅरेजसमोर नवी, लहान मुलं जमली होती. बहुतेक जण पिल्लं बघायला आले होते आणि पिल्लं नाहीत म्हणून हिरमुसले होते. आयझिरेक नावाची एक चिमुरडी, दात पडलेली, आपल्या भावाची सायकल कशीबशी ढकलत आली होती आणि तिचं चाक बसलं होतं.

"एजे येणार का?" तिने विचारलं.

"येईल," बुरुल म्हणाली. तिने रस्त्याकडे पाहिलंही नाही. किल्ली लावून दार उघडलं, पाण्याचं घमेलं भरलं आणि आयझिरेकला शेजारी बसवलं. ट्यूब पाण्यात कशी बुडवायची, ते दाखवलं. पहिल्यांदा आयझिरेकने ती इतक्या जोरात दाबली, की दोघी भिजल्या. दुसऱ्यांदा हळू. मग कुठूनतरी बारीक बुडबुडे यायला लागले आणि आयझिरेक श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता ती सांगायला लागली, की तिचा भाऊ आता शहरात शिकायला जाणार आहे आणि सायकल तिची होणार आहे, पण तिला सायकल नकोच आहे. बुरुल ऐकत होती.

दुपार कलताना एजे पायी चालत आली, चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन. ती दारापर्यंत आली, आत बघितलं आणि थांबली. मग बाहेरच्या ओंडक्यावर बसली आणि उन्हात पाय पसरले.

बुरुलला ती आल्याचं कळलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष आयझिरेकच्या बोलण्याकडे होतं.